साचाखात्यातली व्हिस्की

माझा भाचा दारूचं शिक्षण घेतोय, हे आमच्या नौपाड्यात कोणाला सरळ सांगितलेलं नाही. कोणी विचारलं की ताई म्हणते, "केमिकलमध्ये मास्टर्स करतोय, स्कॉटलंडला." हे अगदीच खोटं नाही. एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात ब्रूइंग अँड डिस्टिलिंग या विषयात एम.एस्सी. करता येतं आणि तो तेच करतोय. पोरगा चोविसाचा. महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला कायद्याने पंचविशी गाठावी लागते, शिवाय परवाना लागतो. म्हणजे ज्या विषयाची पदवी घेतोय, त्याचं प्रात्यक्षिक त्याला घरी येऊन करता यायचं नाही.

प्रबंध संपत आला तसा त्याने धोशा लावला, "मावशी, तुम्ही चौघं या. एक दिवस मी तुम्हाला डोंगर पण दाखवतो आणि कारखाना पण." चौघं म्हणजे ताई, भावजी, मी आणि नवरा. मी शाळेत भूगोल शिकवला, सह्याद्रीत पाय दुखेपर्यंत हिंडले, त्यामुळे डोंगर माझ्यासाठी. व्हिस्की नवऱ्यासाठी. ताई मुलासाठी. भावजी कशासाठी येत होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. ठाण्यातल्या एका कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात, त्यांची उभी नोकरी झाली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. "मी बाहेर बसेन," असं त्यांनी तिकीट काढायच्या आधीच जाहीर केलं होतं.

पहिला दिवस

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रात्री घोडबंदर रोडच्या कामांमधून वाट काढत विमानतळ गाठला, आखातात विमान बदललं आणि दुपारी एडिंबराला उतरलो. सप्टेंबरचा पहिला आठवडा. ठाण्यात छत्री मिटायची सोय नव्हती, इथेही नव्हती. फरक इतकाच की इथला पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटी करून पुढे जातो. भाच्याने पहिल्याच तासात आमच्या छत्र्या कपाटात ठेवून दिल्या. "इथे जॅकेटची टोपी वर करायची आणि चालत राहायचं," म्हणाला. ताईने आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांचा आणि लसणीच्या चटणीचा डबा उघडला आणि त्याच्या तीन खोलीसोबत्यांनी तो आमच्यादेखत संपवला. उद्याच्यासाठी वेगळा बांधून ठेवला होता म्हणून निभावलं.

दुसरा दिवस

एडिंबराच्या मधोमध एक मेलेला ज्वालामुखी आहे. आर्थर्स सीट, उंची २५१ मीटर. येऊरच्या वाटांवर रविवारी फिरणाऱ्या ठाणेकराला ही चढाई म्हणजे चहाच्या आधीचं काम, पण वर वारा असा की दोन पायांवर उभं राहणं कठीण. ताई आणि भावजी अर्ध्यातून माघारी फिरले. माझा जीव मात्र वरच्या शिखरापेक्षा खालच्या कड्यात अडकला होता. या कड्यांना सॅलिसबरी क्रॅग्ज म्हणतात. अठराव्या शतकात जेम्स हटनने इथले खडक बारकाईने पाहिले आणि खालून वितळलेला खडक गाळाच्या थरांमध्ये घुसून थंड झालाय, हे ओळखलं. पृथ्वी काही हजार वर्षांची नाही, तिचं वय मोजण्यापलीकडचं आहे, असं तो म्हणू लागला ते अशाच पुराव्यांच्या जोरावर. आधुनिक भूशास्त्राचा पाया त्याने घातला असं मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायचे. त्या थरांना प्रत्यक्ष हात लावला तेव्हा बोटं गारठली होती, तरी काढवेना.

हा ज्वालामुखी सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. आपण ज्याला म्हातारा म्हणतो तो इथे शेंडेफळ ठरेल.

बाकी शहर म्हणजे किल्ला, किल्ल्यावरून रोज दुपारी एक वाजता सुटणारी तोफ (रविवार सोडून), दगडी गल्ल्या आणि प्रत्येक चौथ्या दुकानात लोकरीचे मफलर. भावजींनी सगळ्या मफलरांचं विणकाम उलटून तपासलं आणि एकही घेतला नाही.

तिसरा दिवस

डोंगर आणि कारखाना दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीसाठी सकाळी नऊच्या आत रॉयल माईल या रस्त्याजवळ जमायचं होतं. सोळा सीटची गाडी. आम्ही पाच, एक जर्मन जोडपं, चार अमेरिकन मैत्रिणी आणि कोणाशीही न बोलणारा एक तरुण. चालक आणि गाईड एकच माणूस: गुडघ्याखाली लोकरीचे मोजे, वर किल्ट, कानाशी माइक. गाडी चालवता चालवता तो न थांबता बोलत होता आणि रस्त्यावरची नजर काढत नव्हता. लहान गाडीचं हे सुख. मोठ्या बसला अरुंद घाटरस्ते वर्ज्य, आणि पन्नास जण चढेपर्यंत अर्धा तास जातो. इथे गाईडला दुपारपर्यंत सगळ्यांच्या आवडीनिवडी पाठ झाल्या होत्या.

आम्ही भारतातले म्हटल्यावर त्याने आरशातून नमस्कार केला. बाटल्या मोजल्या तर स्कॉचचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत आहे, म्हणून. "पण तुमच्याकडचा आयातकर!" असं म्हणून त्याने मान हलवली. नवऱ्यानेही हलवली. दीडशे टक्के कर वर्षानुवर्षं सोसलेल्या माणसाची ती मान होती. २०२५च्या जुलैमध्ये दोन्ही देशांनी व्यापार करार केला, त्यात हा कर आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. नवऱ्याला ते आकडे तोंडपाठ होते. आमच्या गृहकर्जाचे कधीच नव्हते.

स्टर्लिंगचा किल्ला आणि वॉलेस या स्कॉटिश योद्ध्याचा मनोरा गाडीतूनच पाहिला. पुढे रस्ता अरुंद झाला, मेंढ्या वाढल्या आणि बालमाहा नावाच्या चिमुकल्या गावात लॉख लोमंडच्या काठी गाडी थांबली.

लॉख म्हणजे तळं, पण हे साधंसुधं तळं नव्हे. पृष्ठभाग सुमारे ७१ चौरस किलोमीटर. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून एवढं मोठं गोडं पाणी दुसरं नाही. क्रेगी फोर्ट नावाच्या टेकाडावर पंधरा-वीस मिनिटांत चढून गेलो. ढग वर सरकले आणि समोर बेटं दिसली, एकामागे एक, एका रेषेत. ती रेषा डोंगरावरून पुढे जाते. हायलँड बाउंड्री फॉल्ट तो हाच. या भेगेच्या एका अंगाला सपाट, सुपीक लोलँड्स. दुसऱ्या अंगाला कठीण जुन्या खडकांचे हायलँड्स. स्कॉटलंडची शेती, भाषा, लढाया, सगळं या रेषेने दुभंगलेलं. पुस्तकात ही रेषा तुटक लाल छापतात. इथे ती हिरव्या बेटांची होती, आणि माझ्या शेजारी उभी असलेली अमेरिकन बाई "खूप सुंदर" म्हणून फोटो काढून निघून गेली. मी तिला थांबवून सगळं समजावणार होते; नवऱ्याने दंड धरला.

उत्तरेला बेन लोमंड, ९७४ मीटर. तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१मध्ये त्यांची पहिली यादी केली. आता यादीत २८२ डोंगर आहेत आणि ते सगळे चढून संपवणं हा इथल्या लोकांचा आयुष्यभराचा उद्योग. आपल्याकडे किल्ले मोजतात तसाच. स्कॉटलंडमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आणि आपलं कळसूबाई १६४६. हे सांगितल्यावर आमच्या गाईडचा चेहरा क्षणभर पडला. ठाणे जिल्ह्याचा माहुली मात्र मन्रो ठरला नसता, थोडक्यात हुकला असता. ते मी सांगितलं नाही.

पण उंचीचा आकडा फसवा असतो. लॉख लोमंडचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ मीटरवर. म्हणजे बेन लोमंड पायथ्यापासून माथ्यापर्यंत पुरताच्या पुरता डोळ्यांसमोर उभा राहतो. कळसूबाईला आपण बारी गावातून निघतो तेव्हा बरीच उंची गाडीनेच गाठलेली असते. शिवाय इथल्या दऱ्या पाण्याने नाही, बर्फाने कोरल्यात. साडेअकरा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत या खोऱ्यात हिमनदी होती. पाण्याची दरी तळाशी चिंचोळी असते, बर्फाची दरी रुंद, पसरट. म्हणून नजर अडत नाही. हे सगळं मी गाडीत बसल्यावर माझ्या लोकांना ऐकवलं. गाईडने माइक बंद करून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कामाला येणार का?"

ॲबरफॉइल सोडलं की ड्यूक्स पास लागतो. वळणावळणाचा घाट, दोन्ही बाजूंना नेचे पिवळे पडू लागलेले आणि वरच्या उतारांवर हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग अजून टिकून. पाऊस येतो, जातो, मग त्याच मिनिटात ऊन. ताईला घाट लागतो, तिने डोळे मिटून राम-राम केलं. माळशेजचं वळणही तिला असंच अध्यात्माकडे नेतं.

घाट उतरून लॉख कॅट्रिन. इथे गाडी अर्धा तास थांबणार होती. बाकीचे कॉफीच्या रांगेत लागले. मी काठावरचा माहितीफलक वाचत बसले आणि तिथेच अडकले. ग्लासगो शहराला या तळ्यातून पाणी जातं. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत पटकीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा इतक्या लांबच्या डोंगरातून बोगदे आणि पाट काढून केवळ उताराने पाणी शहरात न्यायचं ठरलं. १८५९मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं. मुंबईसाठी विहारचा तलाव पूर्ण झाला १८६०मध्ये, तानसा १८९२मध्ये. एकाच साम्राज्याच्या दोन बंदरांना डोंगरातलं पाणी आलं.

फरक पुढे पडतो. कॅट्रिनच्या काठी आज सायकली भाड्याने मिळतात, बोट फिरते, लोक पाण्याकडे बघत सँडविच खातात. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचे मोठमोठे नळ तिथूनच निघतात, आणि मार्च उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. शाळेची सहल घेऊन तानसाला गेले होते तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, पाणी इथलं, मग नळ इथे का नाही?" भूगोलाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही.

गाईडने हॉर्न वाजवला.

जेवायला कॅलंडर नावाचं गाव. बाकीचे सूप आणि पाव. आम्ही बाकावर बसून ठेपले. भाच्याने शाकाहारी हॅगिस आणून सगळ्यांना एक-एक घास दिला. डाळी, ओट्स, मिरी. ताई म्हणाली, "फोडणी हवी होती." पुढे.

डीनस्टनच्या डिस्टिलरीला, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्याला, पोहोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. टीथ नदीच्या काठी दगडी, लांबलचक, एकसारख्या खिडक्यांच्या रांगांची इमारत. डिस्टिलरी म्हटलं की उतरते पॅगोडासारखे धुराडे डोळ्यांपुढे येतात. इथे तसलं काही नाही. भावजी गाडीतून उतरले, वर बघितलं आणि म्हणाले, "ही गिरणी आहे."

खरंच गिरणी. १७८५ सालची सूतगिरणी. नदीचं पाणी पाटाने वळवून त्यावर यंत्रं फिरायची, शेजारचं गावही कामगारांसाठीच वसवलेलं. १९६५मध्ये गिरणी बंद पडली आणि तिची डिस्टिलरी करायचं ठरलं. कारण साधं: व्हिस्कीला भरपूर मऊ पाणी लागतं ते नदीत होतं, इमारत भक्कम होती आणि पाण्यावर वीज करायची सोयही होती. आजही तोच पाट टर्बाइन फिरवतो. कारखान्याची गरज भागून उरेल इतकी वीज होते, उरलेली विकतात.

"मी बाहेर बसेन" म्हणणारे भावजी सगळ्यांच्या पुढे आत शिरले.

आतली गाईड एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. भाच्याने मध्ये मध्ये मराठीत खुलासा करायचा, असं ठरलं. व्हिस्कीची सुरुवात आपल्याला अगदी ओळखीची: सातू भिजत घालायचे आणि मोड आणायचे. मोड येताना दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर करणारे पाचक रस तयार होतात, नेमक्या वेळी गरम हवेने मोड थांबवायचा. ताईचा चेहरा इथे पहिल्यांदा उजळला. "एवढंच? मटकीसारखं?" मग दळायचं, गरम पाण्यात कालवायचं आणि गोड पाणी काढून घ्यायचं. इथलं कालवायचं भांडं वरून उघडं आहे, आता असं क्वचितच बघायला मिळतं. आत डोकावलं तर लापशीचा, भाजलेल्या पिठाचा वास नाकात गेला. पुढे यीस्ट घालून आंबवायचं, की आठ-एक टक्क्यांची बिअर तयार. तिथे वाफेला नाक लावू नका, असं गाईड सांगत असतानाच नवऱ्याने लावलं. कार्बन डायऑक्साइडची कळ मेंदूपर्यंत गेली असावी. पाच मिनिटं तो कोणाशी बोलला नाही.

ऊर्ध्वपातनाच्या खोलीत उकाडा होता, ठाण्यातल्या मे महिन्याइतका. तांब्याची चार उंच भांडी. दोनदा ऊर्ध्वपातन करायचं: पहिल्या फेरीत वीस-पंचवीस टक्के, दुसऱ्या फेरीत सत्तरच्या आसपास. तांबं कशाला, तर गंधकाचा उग्र वास ते स्वतःकडे ओढून घेतं. समोर पितळी चौकटीची काचेची पेटी, तिला कुलूप. पडणारी धार या पेटीतूनच बघायची. पूर्वी कुलपाची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असायची, कारण कर चुकवून दऱ्याखोऱ्यांत भट्ट्या लावणं हा हायलँड्समधला जुना धंदा. १८२३च्या कायद्याने परवाना परवडेल असा झाला, तेव्हा कुठे त्यातले बरेच जण उजेडात आले.

एव्हाना नवऱ्याचा आवाज परत आला होता. "विचार तिला, पहिल्या धारेची मिळेल का?"

भाच्याचे कान लाल झाले, पण त्याने विचारलं. बाई हसली नाही, गंभीरपणे सांगू लागली. पहिली धार कोणालाच मिळत नाही. तिच्यात नको ती झटकन उडणारी द्रव्यं असतात, ती बाजूला काढून पुढच्या घाण्यात परत टाकतात. शेवटची धारही तशीच, तिला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. मधली तेवढी ठेवायची, आणि कधी सुरू करायची नि कधी थांबवायची हे ठरवणं म्हणजेच हा धंदा. नवरा खट्टू झाला. आयुष्यभर ज्या गोष्टीची तारीफ ऐकली ती इथे परत भांड्यात ओततात.

मग गोदाम. लोखंडी दार उघडलं, थंड ओलसर हवा अंगावर आली आणि डोळे सरावायला वेळ लागला. विटांच्या कमानींचं छत, खांबांच्या लांब रांगा आणि त्यांच्यामध्ये पिंपं, शेकडो, काळसर ओकची. काहींत आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की होती, काहींत शेरी ही स्पेनची वाइन. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ओकच्या पिंपात, स्कॉटलंडच्या भूमीवर, किमान तीन वर्षं काढावी लागतात, तसा कायदाच आहे. इथली बहुतेक त्याहून कितीतरी जास्त पडून होती.

"हे १८३०च्या दशकातलं शेड," गाईड म्हणाली, "इथे कापड विणत."

भाच्याने मराठीत सांगायच्या आधीच भावजींना कळलं होतं. ते पिंपांकडे बघतच नव्हते. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत होते. मग खाली वाकून फरशीवर बोटं फिरवू लागले. साचे जिथे बोल्टांनी जखडले असतील तिथल्या खुणा शोधत होते. सापडल्या नाहीत. उठून म्हणाले, "विचार तिला, ओल किती ठेवायचे."

साचाखात्यात हवा कोरडी पडली की ताण्याचा धागा तटातट तुटतो, हे त्यांच्याकडून आम्ही पूर्वीही ऐकलं होतं, पण कान देऊन नाही. आता ते सलग दहा मिनिटं बोलले. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे कसे सुरू ठेवायचे, आडवा धागा नेणारा धोटा उडाला की माणसाचा डोळा कसा जायचा, कानठळ्यांत एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून कसं बोलायचे. भाचा इंग्रजीत सांगत होता, गाईड आमची ठरलेली वेळ विसरून ऐकत होती. सोबतचा न बोलणारा तरुणही जवळ सरकला. बाईने उत्तर दिलं की सुतासाठी जपलेला हाच थंडावा आणि हीच ओल पिंपांना मानवते. भाच्याने दुरुस्ती केली: थंडीमुळे कमी उडतं हे खरं, पण हवा ओली असली की पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून वर्षं सरतील तशी व्हिस्की सौम्य होत जाते. इथे वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरला अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात हेच प्रमाण दहा-बारा टक्क्यांवर जातं. म्हणून भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, नुसत्या मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) चार-पाच वर्षांत पिकते आणि बारा वर्षं ठेवायची म्हटली तर पिंपात फारसं काही उरत नाही. ठाण्याच्या हवेत ठेवली तर देवदूतांचीच चंगळ, असं तो म्हणाला. अमृतनेही आपली सिंगल माल्ट २००४मध्ये पहिल्यांदा विकायला काढली ती बंगळूरला नाही, ग्लासगोत.

"तुमच्या गिरणीचं काय झालं?" गाईडने भावजींना विचारलं.

"टॉवर झाले," भावजी म्हणाले. "आमच्या खात्याच्या जागी पोहण्याचा तलाव आहे."

पुढे चाखणं. लांब टेबल, प्रत्येकासमोर तीन लहान ट्युलिपसारखे ग्लास, चॉकलेटचे तीन तुकडे आणि पाण्याचा छोटा जग. बर्फ नाही, सोडा नाही. नवऱ्याने हळूच विचारलं, "चखणा?" भाच्याने चॉकलेटकडे बोट दाखवलं. शेंगदाण्यांवर पोसलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं.

रीत अशी: आधी रंग बघायचा, मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, तोंड मिटून घेतला तर नुसतं जळजळतं. मग घोट, तोंडात फिरवून. मग पाण्याचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा. मी चाखले. पहिल्या ग्लासातली बारा वर्षांची, ४६.३ टक्के. बिनपाण्याची जिभेवर चटका देऊन गेली आणि मला फार काही कळलं नाही. तीन थेंब पाण्यानंतर मात्र वासच बदलला. मध आला, त्याच्यामागून मेणासारखं काहीतरी. कारण विचारलं तर भाच्याने हातवारे करत सांगितलं: वास देणारे काही रेणू दाट अल्कोहोलमध्ये आत दडून राहतात, पाणी घातलं की पृष्ठभागाशी येतात. दुसऱ्या ग्लासात नव्या ओकचा कडक, व्हॅनिलाचा वास होता, तो मला आवडला नाही. तिसरी शेरीच्या पिंपातली, मनुकांची. नवरा तिसऱ्यावर अडकला आणि बाटलीची किंमत विचारून परत पहिल्यावर आला.

ताईने घोट घेतला नाही. पण तिन्ही ग्लासांचा वास घेतला, डोळे मिटून, सावकाश, आणि तिन्ही ओळखले: मध, लाकूड, मनुका. वर्षानुवर्षं डब्याचं झाकण उघडून पिठाचा शिळेपणा ओळखणारं नाक ते. गाईडने तिला विचारलं, इथे नोकरी करणार का. एका दिवसात आमच्या घरात दोन नोकऱ्या चालून आल्या.

भावजींच्या वाट्याचे ग्लास तसेच होते. गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी इथे छोट्या कुप्या असतात. आपला वाटा त्यात भरून घरी न्यायचा. स्कॉटलंडमध्ये २०१४पासून गाडी चालवताना रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही, इंग्लंडपेक्षा इथला नियम कडक. आपल्याकडे तर ३०च. आमच्या गाईड-चालकानेही कुप्याच घेतल्या. भावजींनी एकच घेतली, पहिल्या ग्लासातली, आणि बुच घट्ट आहे ना हे दोनदा बघून खिशात टाकली.

परतीच्या वाटेवर महामार्गाच्या कडेला तीस मीटर उंचीची पोलादी घोड्यांची दोन डोकी दिसली. केल्पीज म्हणतात त्यांना, कालव्यातून बोटी ओढणाऱ्या घोड्यांची आठवण म्हणून उभारलेली. अमेरिकन मैत्रिणी गात होत्या. भाचा आणि भावजी शेवटच्या सीटवर शेजारी बसून ओल, तापमान आणि हवा खेळती ठेवण्याच्या पद्धती यांवर बोलत होते. या दोघांना एकमेकांशी इतका वेळ बोलताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. नवरा झोपला होता.

चौथा दिवस

सकाळी आगगाडीने फोर्थच्या पुलावरून पलीकडे जाऊन आलो. १८९० सालचा पोलादी पूल, अजून रोजच्या गाड्या अंगावर घेतो. दुपारी भाच्याच्या विद्यापीठात. शहराबाहेर झाडीत पसरलेलं आवार. त्याच्या विभागात शिकण्यापुरता छोटा कारखानाच मांडलाय. ताईने तांब्याचं भांडं पाहिलं, त्याच्या प्राध्यापिकेला भेटली आणि निघताना मला म्हणाली, "आता सांगून टाकायला हरकत नाही ना?" अजून सांगितलेलं नाही. परवाच तिने कोणाला तरी "फूड टेक्नॉलॉजी" म्हटलेलं मी ऐकलं.

परतताना नवऱ्याने नियमात बसतात म्हणून बरोबर दोन लिटर भरतील इतक्या बाटल्या आणल्या. भावजींनी मात्र मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या टेबलापाशी थांबून, खिशातली कुपी काढून, हिचं काय करायचं असं विचारलं. अधिकाऱ्याने कुपीकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं आणि हाताने पुढे जायची खूण केली.

ती कुपी त्यांनी किसननगरला राहणाऱ्या त्यांच्या जुन्या साचेवाल्या मित्रासाठी आणली होती. साचाखात्यात पिकलेली, बारा वर्षांची, नदीच्या पाण्याची, वगैरे सगळं सांगून हातात दिली. मित्राने ती थम्सअपमध्ये ओतली, एका दमात संपवली आणि "बरी आहे" म्हणाला. भाच्याला हे कोणी कळवलेलं नाही.